तिसरा ढीग

२ सप्टेंबर, सोमवार

मॅडमनी आज मला भिंतीकडं तोंड करून बसवलं!

वर्ष झालं त्यांच्यासोबत शाळा-शाळा फिरतोय. लहान पोरं विज्ञान कसं शिकतात, यावर जानकी मॅडमचं संशोधन आहे. मी गाडी चालवतो, कॅमेरा लावतो, चित्रांची कार्डं मांडतो — कुत्रा, पंखा, नदी, बी. जिवंत ते इकडं, निर्जीव ते तिकडं. ढीग दोनच. जतकडचा, सीमेवरचा असल्यानं इथलं कन्नड येतं, म्हणून सातवी नापास असूनही हे काम मिळालं.

मॅडमनी व्हिडिओ पाहिले तर काय — पोरं कार्ड ठेवायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघतात! उत्तर बरोबर असलं की माझ्या भुवया वर जातात म्हणे. "उदय, सगळी उत्तरं तूच सांगून टाकलीस की रे," म्हणाल्या. रागावून नाही. पण पिरियापट्टणच्या शाळांमधलं सगळं काम परत करायचं.

५ सप्टेंबर

आप्पाचा, माझ्या चुलत्याचा, गावाकडनं फोन. पितृपंधरवड्यात दादांचं, माझ्या वडलांचं, क्रियाकर्म करून टाकू म्हणतो. देह नाही म्हणून दर्भाचा पुतळा करायचा, अग्नी मी द्यायचा.

बऱ्याच वर्षांपूर्वी दादा बोअर मारायच्या गाडीवर कामाला आंध्रात गेले, ते परत आलेच नाहीत. वाटेत कुठं उतरले, कुणालाच ठाऊक नाही. पोलीसही शोधून थकले. पण आई अजून रोज सकाळी कुंकू लावते. तिच्या देखत बापाला जाळू? आप्पाला तेच म्हणालो.

"मग तूच सांग," म्हणाला, "आहे का नाही तो?"

फोन ठेवला.

९ सप्टेंबर

येलवालच्या स्टँडवर दादा दिसले. पाठमोरे. गळ्यात चौकड्याचा टॉवेल, एका पायावर भार टाकून उभे — अगदी तसेच. गाडी रस्त्यातच सोडून पळालो. वळले तर भलताच माणूस. "एनु बेकु?" म्हणाला. काय पाहिजे! काय सांगू त्याला?

लष्कर मोहल्ल्यात माझ्या खोलीखाली दिवसभर पत्रे ठोकतात. ठोकणं थांबलं की वाटतं, जिन्यात कुणीतरी उभं आहे. वर यावं का नको, असा विचार करत.

१० सप्टेंबर

जिन्यात जाऊन बघून आलो. दोनदा.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

येलवालच्या शाळेत पूजिता नावाची पोरगी. मी भिंतीकडं तोंड करून, कान मागं. कुत्रा जिवंत, पंखा नाही — पटापट. मग बी. कार्ड ठेवल्याचा आवाजच येईना.

"अण्णा, हे मधे ठेवू?"

मॅडमनी सांगितलं, मधे काही नसतं, ढीग दोनच.

"पण पेरल्याशिवाय कसं कळणार? आतून मेलेलं असलं तर?"

वळून तिच्याकडं बघावंसं वाटलं. वळलो नाही.

परतताना गाडीत मॅडम खुशीत. बी जिवंत असतं एवढं पाठ करून घेतो आपण, म्हणाल्या, पण अजून तपासलं नाही म्हणून सांगत नाही, असं म्हणायला पोरांना जागाच ठेवत नाही. आता तिसरा ढीग ठेवून बघायचा.

मी विचारलं, "आणि तपासताच येत नसेल तर, मॅडम?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग वही काढून त्यांनी माझा प्रश्न लिहून घेतला.

१८ सप्टेंबर

पंधरवडा लागला. आप्पाला कळवलं — येणार नाही. दादा मधल्या ढिगात राहू देत. आईच्या कपाळाला माझ्यामुळं धक्का नको.

आज जरा जेवण गेलं.

२१ सप्टेंबर

आईचा फोन आला. आप्पाला तिनंच सांगितलं होतं, उदयला बोलावून घे म्हणून. म्हणाली, ते आता नाहीत हे मला कधीच कळलंय. पण तू फोन केलास की पहिलं विचारायचास, दादांचं काही कळलं का. "तुझ्यापायी लावत होते रे कुंकू."

मग म्हणाली, "पुसू का आता?"