जप्तीतलं सरण

१४ मे
जंगलातलं माझं बीट फिरून आले. ऊन असं की डोकं भणाणलं. नाल्याकडच्या वाळलेल्या धावड्याखाली डोमाजीभाऊ कुऱ्हाड घेऊन बसलेले. म्हातारा एकटाच राहतो. बायको दोन पावसाळ्यांमागे गेली, पोरगी सिरोंच्याकडे दिली. फॉरेस्ट गार्ड दिसली की लोक पळतात. हे बसूनच.
"भाऊ, उभं झाड तोडाले परवानगी लागते, माहीत नाई का?"
"मेलेलं आहे ते."
"मेलेलं असलं तरी उभं आहे ना. खाली पडलेलं वेचा, मोळी बांधा, कोनी काही म्हनत नाई."
"मोळीत मी मावत नाई, बाई."
म्हटलं, म्हणजे? तर म्हणे, सरन रचाचं आहे. कोणाचं? स्वतःचंच.
कुऱ्हाड घेऊन घरी जा म्हटलं. गेले. झाडाला दोन घाव आहेत, त्याचा रिपोर्ट केला नाही.

१७ मे
सकाळीच क्वार्टरवर हजर. परवानगी द्या म्हणतात. समजावलं: सरणाला लाकूड मिळतं, ग्रामसभेची चिठ्ठी दाखवली की डेपोतून मिळतं. पण माणूस गेल्यावर.
"गेल्यावर मी कसा येऊ चिठ्ठी घेऊन?"
मला हसू आलं. त्यांना नाही आलं. मग त्यांनी बायकोचं, जईबाईचं, सांगितलं. भर पावसात गेली. डेपो नाल्यापलीकडे, नाला भरलेला. गावात सगळं लाकूड ओलं. राकेल ओतलं, पेटेना. शेवटी कोणीतरी ट्रॅक्टरचा टायर आणला.
"टायरवर जळली माही बायको. दुसऱ्या दिवशी राख सावडाले गेलो, तर..."
 चहा केला. अर्धा प्याले.

२३ मे
ग्रामसभा. या गावाला वनहक्क मिळाला आहे, लाकडाचं आता गावच ठरवतं. माझं काम बसायचं. विषय डोमाजीभाऊंचा निघाला. सगळ्यात आधी ताराबाई उठली, भाऊंची शेजारीण, मधे फक्त काट्यांचं कुंपण.
"जित्या मानसाचं सरन? मी रोज चुलीपाशी बसून ते पाहत राहू का? काही चांगलं-वाईट आहे का नाई?"
मागून एक जण: "याले देलं तर सारेच मागतीन."
अध्यक्ष म्हणाले, विषय पुढच्या सभेत घेऊ.
"पुढच्या सभेपर्यंत मी राहीन का?" डोमाजीभाऊ.
"तुले काय धाड भरली! आमाले साऱ्यांले पोचवूनच जाशीन तू." ताराबाई.
सभा हसली. विषय संपला.

२ जून
म्हाताऱ्याने धावडा पाडलाच. अंगणात रचून ठेवला, वर टिनाचे पत्रे. खाली जाड, वर बारीक, सगळे तुकडे एका लांबीचे. काम सुरेख. आणि आजच राउंडसाहेबांची, माझ्या वरिष्ठांची, फेरी.
"हे काय आहे?"
"सरन आहे, साहेब."
"कोणाचं?"
"माह्यं."
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्र्याकडे पाहिलं. जीपपाशी म्हणाले, "मॅडम, केस करा. आज सोडलं तर उद्या अंगणाअंगणात सरणं दिसतील." माणूस वाईट नाही. चूकही बोलले नाहीत.

३ जून
जप्ती केली. पंचनामा, पंच, सगळं. एकेका लाकडावर हातोड्याचा शिक्का. न्यायला ट्रॅक्टर मिळेना, म्हणून माल तिथंच ठेवला, सुपूर्दनाम्यावर डोमाजीभाऊंचाच अंगठा. म्हणजे लाकूड त्यांच्याच अंगणात, पण ऑर्डर येईपर्यंत काडी हलवायची नाही. हललं तर ते अडकणार, मीही अडकणार. दोनदा समजावून सांगितलं.
"म्हनजे आता हे कोनी चोरनार नाई?"
"नाई."
"अन् तुमी बी नेनार नाई?"
"ऑर्डर येईपर्यंत नाई."
म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की पंच एकमेकांकडे पाहू लागले. शिक्क्यांवरून हात फिरवत म्हणे, "त्या कोपऱ्यातल्यावर नीट बसला नाई, बाई. मारा अजून एक."
किती जप्त्या केल्या. शिव्या खाल्ल्या, पाया पडलेले पाहिले. आणखी शिक्का मागणारा पहिलाच. मारला.

१९ जून
पाऊस लागला. ताराबाईने कुंपणावर जुनं लुगडं टाकलं आहे, सरण दिसू नये म्हणून. त्याच लुगड्याच्या वरून भाऊंना भाजीची वाटी देते. देता देता बोलतेही, "खा, अन् लवकर मोकळा कर तो कोपरा." भाऊ म्हणतात, "सरकारी माल आहे, मी काय करू?" रोजचं चाललं आहे.
सावली गावाहून आईचा फोन. बदलीचं काय झालं? जंगलात एकटी किती दिवस राहशील? काही नाही झालं म्हटलं. जयभीम म्हणून ठेवला.

८ जुलै
नाला पुलावरून चालला आहे. रस्ता बंद, रेंज नाही.
ताराबाई गेली. सकाळी तांदूळ निवडत बसली होती, बसल्या जागी मान टाकली. घरात फक्त सून, वनिता. मुलगा गोंडपिपरीला, येणार कसा?
दुपारपर्यंत लोक लाकूड शोधत फिरले. मोळ्या ओल्या, फाटे ओले, डेपो पलीकडे. चुलीवर जपलेलं कोरडं पावसाळ्याच्या भीतीने कोणी काढेना. मग सगळे भाऊंच्या अंगणात येऊन उभे. पत्र्याखाली धावडा कोरडा ठणठणीत.
डोमाजीभाऊ ओसरीवर बसलेले. कोणी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "माह्या हातात काही नाई. सरकारचा शिक्का आहे. बाईले विचारा."
सगळे माझ्याकडे वळले.
मी म्हटलं, "ताब्यात त्यांच्या आहे. अंगठा त्यांचा आहे."
दोघंही खरंच बोललो. वनिता दाराला टेकून ऐकत होती. तिच्याकडे पाहवेना.
मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "एक टायर आहे आमच्याइथी."
डोमाजीभाऊ उठले. स्वतः पत्रा ओढला, चिखलात फेकला. "उचला." मग मला, "बाई, तुमी क्वार्टरवर जा. तुमी काही पाह्यलं नाई."
गेले नाही. मीही उचललं. युनिफॉर्मवरच होते. राग आला होता, फार राग, पण कोणाचा ते कळलं नाही.

९ जुलै
पावसाची उघडीप होती तेवढ्यात नीट जळलं. धावड्याचा विस्तव टिकतो. वनिताने राख सावडली. अर्धवट जळलेलं कुठे काही राहिलं नव्हतं.
डोमाजीभाऊंच्या अंगणात सरणाच्या जागी कोरडा चौकोन राहिला आहे. त्यात बसलेले.
"आता माह्यं काय, बाई?"
 आणि माझं काय? जप्तीचा माल जाळला, तोही गार्डच्या हाताने. निलंबन नक्की, नोकरी राहिली तर नशीब. आईला काय सांगणार?

१५ जुलै
नाला उतरला. रेंज आली आणि पहिलाच मेसेज साहेबांचा. सोमवारी येऊन मुद्देमाल तपासणार.
भाऊंना सांगितलं. म्हणे, "मी सांगतो ना, मी जाळलं." म्हटलं, मग तुम्ही जेलात. म्हणे, "तिथी सरन देत असतीन का?"
हे त्यांनी गमतीत विचारलं की खरंच, समजलं नाही.

रविवार
सकाळी भाऊंच्या अंगणात गेले. पाहते तर पत्रा पुन्हा चढलेला. खाली सरण.
धावडा नाही. ऐन, बिजा, मोहाचे फाटे, घराची एक जुनी मयाल, म्हणजे तुळई, मिळेल ते. घराघरातून आलं आहे, चुलीवरच्या माळ्यावर जपलेलं, धुराने काळं पडलेलं, कोरडं. पहिलं लाकूड वनिताने आणलं म्हणतात, सगळ्यात जाड. कुंपणावर लुगडं नाही.
"मी कोनाले म्हनलं नाई हो, बाई," डोमाजीभाऊ म्हणाले. डोळे पुसले, लपवले नाहीत.
उभी राहून हिशेब केला. चुलीचं लाकूड मोळी-मोळीने आलेलं, मोळीला मनाई नाही. मयाल जुन्या घराची. या सरणात गुन्हा कुठेच नाही. फक्त शिक्का नाही. मी हातोडा मारला तर पहिला गुन्हा तोच. नाही मारला तर साहेब विचारणार, जप्तीचा धावडा कुठे आहे? आणि ऐन-धावड्यातला फरक साहेबांना दिसतो की नाही, ते मला माहीत नाही.
"हातोडा आनला का?"
"भाऊ, साहेबाले फसवायचं का?"
"साहेबाचं तुमी पाहा. मले माह्यासाठी पायजे. शिक्का असला तं पुढच्या टायमाले कोनी मागितलं तरी नाई म्हनता येते."
"मागच्या टायमालेही होता ना शिक्का. म्हनता आलं का?"
त्यांनी पत्र्याचं टोक सारखं केलं. मग म्हणाले, "ते टायरचं नाव काढलं म्हनून."
क्वार्टरवर आले. बाहेर पुन्हा झिमझिम. साहेब उद्या सकाळी निघतील. हातोडा पिशवीत टाकला होता, काढून टेबलावर ठेवला.
आत्ताच वनिता दारात येऊन गेली. भाऊंचा निरोप आहे: कोपऱ्यातल्यावर दोन मारजा.