जंजिऱ्यातलं तळं

सोमवार, दिवेलागण

काल जंजिऱ्याहून परतलो, पण किल्ला पाहिलाच नाही. एकलहऱ्याला पाण्याच्या पंपावर नोकरीत जन्म गेला; भर समुद्रात, खडकावर उभ्या त्या किल्ल्यातलं गोड्या पाण्याचं तळं एकदा बघायचं होतं.

धक्क्यावर मुलगा म्हणाला, "आबा, होडीत चढणं जमायचं नाही तुम्हाला. बॅगा सांभाळा."

नावाडी म्हणाला, "चला की बाबा, मी धरतो हात." पोराचा शब्द पडू नये म्हणून मीच म्हणालो, गुडघे दुखतात. दुखत नव्हते.

सगळे किल्ल्यावरून परतल्यावर तळ्याचं विचारलं. सून म्हणाली, "असेल हो, ऊन केवढं होतं!" फोटोत सगळे आहेत, तळं नाही.

आज शेजाऱ्यांना मुलगा हसत सांगत होता, "आबांना कुठे आवड असल्या गोष्टींची!" मीही मान हलवली. का हलवली?