पावसाळ्यातले हप्ते

अहो,

भात कुकरमध्ये हाय, जवळ्याची चटणी डब्यात. शिफ्टवरून आलात की जेवून घ्या आणि मग वडराईला या.

सकाळी मी बोईसरला बँकेत जाऊन आले. काल तुमी बाबांना तोंडावर बोललात, की होडीच्या इंजिनाच्या कर्जाचे हप्ते त्यांनी खाल्ले, म्हणून फ्लॅटचं कर्ज अडलं. बाबांनी एक हप्ता पण बुडवलेला नाय. दर पावसाळ्यात होडी बंद असते तेव्हा ते दोन महिने थांबायचे आणि नारळी पुनवेनंतर सगळं एकदम भरायचे. मच्छीमार सोसायटीच्या कर्जाला आजवर असंच चालायचं, बँकेत पण चालेल असं त्यांना वाटलं. बँकेनं ते महिने दर वर्षी थकलेले लावले. त्या कर्जावर तुमची पण सही हाय, म्हणून तुमचा सिबिल स्कोअर पडला.

बाबा कालपासून जेवले नायत. मी परत आले तेव्हा होडीचे कागद घेऊन दारात उभे होते. वडराईला गिऱ्हाईक हाय, म्हणाले. होडी विकून कर्ज फेडतो, मग पोराला घर मिळेल.

बँकेतल्या मॅडमनी मला स्पष्ट सांगितलेलं, कर्ज फेडलं तरी उशिराच्या नोंदी लगेच पुसल्या जात नायत. स्कोअर वाढायला काही वर्षं जातील.

बाबांचा फोन इथंच राहिलाय. मी त्यांच्या मागं निघालेय.

हे बाबांना दारातच सांगायला हवं होतं. मी त्यांना जाऊ दिलं. वाटलं, कर्ज फिटलं तर बँक ऐकेल कदाचित. घर मला पण हवं होतं.

हेमाली