डोंगरातल्या फ्रिजचे निरोप

पंचवटी, नाशिक

प्रिय योगिनी,

हे पाकीट बघून तू आधी घाबरशील आणि फोन करून विचारशील, "बाबा, सगळं ठीक ना?" म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, सगळं ठीक आहे. साखर ताब्यात आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. आपल्या गल्लीत रिक्षा अजून आपल्याच दारासमोर अडकतात आणि मी अजून खिडकीतून त्यांना "मागे घे, मागे घे" करतो. पत्र अशासाठी, की फोनवर तू कायम कुठल्यातरी मीटिंगला निघालेली असतेस, आणि मला जे सांगायचंय ते घाईत ऐकण्यासारखं नाही. बंगळूरला चहा मिळतो ना नीट? करून घे आणि बस.

गेल्या वर्षभरात मी तुला किती विचित्र प्रश्न विचारले! चारशे एक म्हणजे काय गं? पोर्ट उघडा आहे की बंद, हे बाहेरून कसं कळतं? महिरपी कंस उघडला आणि बंद करायचा राहिला तर सगळंच का झोपतं? तू बिचारी जेवता जेवता उत्तरं द्यायचीस. एकदा तू म्हणालीस, "बाबा, खरं सांगा, तुम्ही काही धंदा सुरू केलाय का?" मी गवारीच्या भावावर विषय नेला. आता सगळं ओळीने सांगतो.

तुझी आई गेल्यावर मी बागेतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात जायला लागलो, हे तुला माहीत आहे. तिथे आम्ही हसण्याचा व्यायाम करतो आणि मग एकमेकांच्या औषधांची तुलना करतो. एका सकाळी तिथे एक बाई बोलायला आल्या. उज्वला त्यांचं नाव. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, माहेर-सासर दोन्ही घोटीकडच्या डोंगरातलं. पांढरे केस घट्ट बांधलेले, आणि आवाज असा की वॉर्डातली गडबड एका शब्दात थांबावी. आमचा हसण्याचा व्यायामही थांबला. त्यांनी सांगितलं, की घोटीच्या पलीकडे त्यांची संस्था छोटे छोटे दवाखाने चालवते. प्रत्येक दवाखान्यात लशींचा फ्रिज आहे. आत दोन ते आठ अंशांच्या मधेच तापमान राहिलं पाहिजे. कोणा देणगीदाराने प्रत्येक फ्रिजला सिमकार्डाचा एक डबा बसवून दिला. तो डबा थोड्या थोड्या वेळाने तापमान, आणि दार उघडं की बंद, हे इंटरनेटवर पाठवतो. "पाठवतो," त्या म्हणाल्या, "पण घेणारं कुणी नाय. तुमच्यात कुणाला वायरीबियरीतलं कळतं का?"

सगळं मंडळ माझ्याकडे बघायला लागलं. टेलिफोन खात्यात मी उभा जन्म काढलेला, खांबावर चढलेला माणूस. मी हात वर केला. योगिनी, मला त्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं.

मग मी शिकलो. तुला हे पाठ आहे, पण मला ते कसं उमगलं ते सांगतो. जुन्या एक्स्चेंजमधे येणाऱ्या तारा एका बाजूला, जाणाऱ्या दुसऱ्या बाजूला आणि मधे जोडणी, असं असायचं. ही लॉगची, म्हणजे आलेल्या नोंदींची, पाइपलाइनही तशीच निघाली. एक तोंड, जे वेबवरून आलेले निरोप घेतं. मधला भाग, जो निरोप फोडून तापमान वेगळं, दार वेगळं, गावाचं नाव वेगळं करतो. आणि शेवट, जिथे ते साठतं आणि गरज पडली तर आमच्या फोनवर घंटा वाजते. संस्थेने इंटरनेटवर एक सर्व्हर भाड्याने घेतला होता. त्यावर मी एक छोटीशी फाइल लिहिली: या पोर्टवर कान लाव, हे नाव आणि हा पासवर्ड सांगेल त्याचंच ऐक, बाकीच्यांना परत पाठव. मग लॅपटॉपवरून स्वतःच एक निरोप धाडला, "नमस्कार, मी सुनील." पलीकडून उत्तर आलं, "ओके." पंचवटीतल्या स्वयंपाकघरात मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. शेजारच्या गोजराबाई खिडकीतून डोकावल्या आणि म्हणाल्या, "सामना जिंकलो का?"

पण खरं काम पुढे होतं. प्रत्येक डब्यात आपल्या सर्व्हरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड जाऊन भरायचा. म्हणून मी दर आठवड्याला घोटीला जायला लागलो. तिथून देवराम जीप काढायचा. देवराम म्हणजे संस्थेचा ड्रायव्हर, आणि जांभूळपाड्याच्या दवाखान्याची राखणही तोच करतो. पुढे तो, मागे उज्वलाबाई आणि मी, आणि आमच्या मधे लशी न्यायचा त्यांचा निळा बर्फाचा डबा. पहिल्या दिवशी जांभूळपाड्याला मला ते तुझं चारशे एक आलं. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी सर्व्हर म्हणतो, तुला ओळखत नाही. मी घामाघूम. उज्वलाबाईंनी भाकरी, ठेचा आणि भाताची पेज पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "आधी खा, मग भांडा त्याच्याशी." जेवलो, पुन्हा बघितलं, तर पासवर्डच्या शेवटी माझं बोट चुकून एक रिकामी जागा टाकून गेलं होतं.

जीपमधे बोलणं होतंच. त्यांचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले, मूलबाळ नाही, भावाच्या पोरांची शिक्षणं त्यांनी केली. मी तुझ्या आईबद्दल बोलायचो. ती म्हणायची ना, "तुम्हाला माणसांपेक्षा वायरी जास्त कळतात"? हे ऐकून त्या इतक्या हसल्या, की देवरामने आरशातून मागे बघितलं. तुझ्या आईबद्दल कोणाशी बोलताना हसू आलं, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा झालं. घरी येताना हे लक्षात आलं आणि मी वाडीवऱ्ह्याला उगाचच उतरून चहा प्यायलो.

सगळे डबे जोडून झाले. पडद्यावर निरोपांची रांग, प्रत्येकाला "ओके". मी संस्थेच्या कार्यालयात पेढे वाटले. उज्वलाबाईंनी पेढा हातात धरला आणि म्हणाल्या, "साहेब, खाईन. आधी एकदा वाजवून बघू." त्यांनी लशी बर्फाच्या डब्यात काढून ठेवल्या, रिकाम्या फ्रिजचं दार सताड उघडलं आणि आम्ही फोन समोर ठेवून बसलो. तापमापकाचा काटा आठच्या वर गेला, बाराच्या वर गेला. फोन गप्प. मला खूप लागलं, त्यांनी बघायचा हट्ट धरल्याचा रागही आला. त्यांनी मला एका शब्दानेही टोचलं नाही. फक्त म्हणाल्या, "गरम झालेली लस दिसायला तशीच दिसते. आपण विश्वासाने टोचतो, माणूस विश्वासाने घरी जातो. म्हणून मला बघावंच लागतं." माझा राग तिथेच विरघळला.

त्या वेळी मी तुला फोन केला नाही. म्हटलं, हे आपणच शोधायचं. आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो, मी इंग्रजीतली माहिती वाचायचो, त्या आलेले निरोप बोट ठेवून बघायच्या. शेवटी सापडलं. डबे निरोप पाठवताना आत कुठल्या प्रकारचा मजकूर आहे, हे वर लिहीतच नव्हते. त्यामुळे पाइपलाइन त्याला साधा मजकूर समजून जसाच्या तसा एका खणात कोंबत होती. निरोप पोचत होता, पण फुटत नव्हता. तापमान वेगळं निघालंच नाही, तर ते आठच्या वर गेलं हे यंत्राला कळणार कुठून! मी म्हटलं, "याला सांगायला हवं, वर काही लिहिलेलं नसलं तरी जेसन समजूनच उघड." त्या म्हणाल्या, "हा जेसन कोण? आपल्यात कधी आला?" जेसन म्हणजे मजकूर मांडायची एक पद्धत, हे सांगताना मला हसू आवरेना. एक ओळ बदलली, सर्व्हर पुन्हा चालू केला, पुन्हा दार उघडलं. थोड्या वेळाने दोघांचे फोन एकदम कोकलले. त्यांनी तो पेढा तेव्हा खाल्ला. अर्धा मला दिला.

आता श्रावणातली गोष्ट. दुपारी मी भाजीबाजारात मेथी निवडत होतो आणि फोन कोकलला. जांभूळपाडा, दार उघडं, तापमान सात आणि चढतंय. देवरामला फोन लावला, लागला नाही. तो जीप घेऊन सासरवाडीला गेलेला. त्या दिवशी दवाखाना बंद आणि दुसरी किल्ली उज्वलाबाईंकडे घोटीला. त्यांचा फोन आला, "बातमी आली का? मी बर्फ भरून ठेवते. तुम्ही कसे येता?" मी येणार की नाही, हे त्यांनी विचारलंच नाही, बघ. मेथी तिथेच राहिली. मी स्कूटर काढली. विल्होळी ओलांडली आणि पावसाने मला असं धुतलं, की चष्म्यातून रस्ता कुठला आणि ट्रकची चाकं कुठली ते कळेना. तू असतीस तर मला जाऊच दिलं नसतंस. घोटीच्या नाक्यावर त्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन, तो निळा डबा घट्ट धरून उभ्या होत्या. मागे बसल्या. डोंगराच्या वळणांवर एका हाताने डबा आणि एका हाताने माझा खांदा. "सावकाश" एकदाही म्हणाल्या नाहीत. "चला, चला" एवढंच.

पोचलो, कुलूप काढलं आणि कारण बघितलं. देवरामने सासरवाडीसाठी घेतलेल्या श्रीखंडाचा एक मोठा डबा लशींच्या फ्रिजमधे ठेवला होता आणि घाईत तिथेच विसरून गेला होता. त्याच्यामुळे दार पूर्ण लागलंच नव्हतं. काटा आठला टेकलेला, पण पलीकडे गेलेला नव्हता. त्यांनी एकेक कुपी बघून बर्फात ठेवली, दार पुसलं, फ्रिज पुन्हा गार होईपर्यंत तिथेच बसल्या. सगळी लस वाचली. मग त्यांनी श्रीखंडाचा डबा उघडला, दोन वाट्या भरल्या आणि म्हणाल्या, "हा दंड." ओल्या कपड्यांत कुडकुडत खाल्लेलं ते श्रीखंड मी विसरणार नाही. देवरामची दुसऱ्या दिवशी जी हजेरी घेतली गेली, ती तोही विसरणार नाही.

हे सगळं गंमत म्हणूनच राहिलं असतं. पण त्याच आठवड्यात जांभूळपाड्याच्या रंगूबाईंना पिसाळलेलं कुत्रं चावलं. म्हातारीच्या हाताचा लचकाच तोडला. शहरात न्यायचं तर ओढा भरून वाहत होता. इंजेक्शनं त्याच फ्रिजमधून निघाली. उज्वलाबाईंनी जखम धुऊन पहिला डोस तिथेच दिला, पुढचे सगळे वेळेवर दिले. त्या दिवशी दार तसंच राहिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. आता बाई टुणटुणीत आहेत. परवा मी गेलो होतो तर पदरात करटुली भरून घेऊन आल्या. मला खालून वर न्याहाळलं आणि उज्वलाबाईंना मोठ्याने विचारलं, "ह्ये तुझे मालक का गं?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. देवराम जीप पुसत होता, त्याचा हात थांबला. आणि उज्वला करटुली निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "अजून नाय, आजी."

योगिनी, आता तुला कळलंच असेल हे पत्र का लिहिलं. आम्ही लग्न करायचं म्हणतोय. घोटीलाच, नोंदणी पद्धतीने, दिवाळीनंतर. लोक हसतील, या वयात म्हणतील, तिच्याकडचे आणि आपल्याकडचे मिळून जातही काढतील. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. तुझं वाटतं. आईचा फोटो आहे तिथेच राहील. उज्वलाने मागच्या आठवड्यात घरी येऊन स्वतः त्याला हार घातला आणि बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. काय बोलली, मी विचारलं नाही. तिचं म्हणणं एकच, आधी मुलीला सांगा, आणि तिला रडायचं असेल तर मनमोकळं रडू द्या, घाई करू नका. तर तू हवा तितका वेळ घे. राग आला तर राग फोनवरच काढ, मी ऐकेन. पण दिवाळीला ये. तुला घ्यायला आम्ही दोघं स्टेशनवर येऊ असं मी ठरवलं होतं, तर ती म्हणते, नको, पहिल्यांदा तुम्ही एकटेच जा, बापलेकीला बोलायला वाट मिळेल. मी घरी स्वयंपाक करून ठेवते. आणि आत्ता शेजारी बसून विचारतेय, योगिनीला आमटी तिखट चालते का? मी सांगितलंय, चालते. चुकलं असेल तर तूच तिला सांग. तिचा नंबर मागच्या पानावर लिहितोय.

तुझाच,
बाबा