ड्रायव्हरच्या शेजारची जागा

आत्याबाई, उद्या नवमी, म्हणजे तुमचं पान. सून म्हणून तुमच्या घरात आले त्याला पन्नास वर्षं होत आली आणि तुम्हाला जाऊन तीस, तरी दर पितृपक्षात पहाटे उठून मीच तुमच्यासाठी उडदाचे वडे तळते, कढी करते, आणि कावळ्यानं पानाला चोच लावायला उशीर केला की घरातले माझ्याकडे बघतात. मेल्यावरसुद्धा मला सगळ्यांसमोर उभं करायची तुमची सवय गेली नाही. हे मी खर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते आहे. चांगला कागद तुमच्यावर घालवावा असं मला वाटत नाही.

त्या बसबद्दल लिहायचं आहे. आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मामंजींनी गिरणीचा तांदूळ नागपूरला न्यायला लिलावातून जुनी बस घेतली होती. त्याच वर्षी मोठ्या जाऊबाईंना दोन मुलींवर मुलगा झाला. तुम्ही नवस बोलला होता की मुलगा झाला तर कोकणातल्या समुद्राकाठच्या गणपतीला सगळं घर घेऊन येईन. मामंजींनी ते शब्दशः धरलं. पवनीच्या सुताराकडून बसमधली बाकडी काढून दोन दिवाण ठोकून घेतले, स्टोव्हला फळी केली, पाण्याचं पिंप बसवलं, आणि ड्रायव्हरच्या मागच्या लाकडी भिंतीला देव्हारा टांगला. धान चुरून पोत्यांत भरून झालं होतं, मार्गशीर्ष होता. अर्धं गाव बघायला आलं. शेजारचे काका म्हणाले, “आता चूलबी फिरून राहिली, घरबी फिरून राहिलं. जागेवर का राहिलं मंग?” “तुयं तोंड,” मामंजी म्हणाले, “पण थेही थांबत नाही.” सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. तुम्ही मला आत ढकलून म्हणालात, “स्टोव्ह तुह्याकडं.”

गाडी चालवायला हे, म्हणजे तुमचा धाकटा मुलगा. माणसं नऊ. नऊ जणांचा स्वयंपाक हलत्या गाडीत, एका स्टोव्हवर, एका हातानं फळी धरून. तुमची मोठी सून लेकुरवाळी, म्हणून ती दिवाणावर. लहानीची कूस रिकामी, म्हणून ती उभी. वाईच्या अलीकडच्या एका वळणावर पातेलं कलंडून वरण सांडलं, तुमच्या पायाजवळच्या चादरीवर. भाजलं कोणालाच नाही. पण तुम्ही बोललात ते मला पाठ आहे. “मॅट्रिक झाली म्हंते, अन् वरणाचा गंज धरता येत नाही!” आणि मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू जाईल असं: “चार वर्सं झाले लहाने. थ्या देवाम्होरं पदर पसरजो. नाही त मले पोराचा दुसरा विचार करा लागन.” मी तुमच्या पायाजवळची चादर पुसत होते. पुसत राहिले. पुढचे दोन दिवस मी दुसरं काही मनात आणलंच नाही, एवढंच घोकलं की तिथं पोचायचं आणि पदर पसरायचा.

कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन झालं आणि घाट उतरताना मी बाहेर झाले. घरी असते तर परसातली खोली होती. इथं देव्हारा हाताच्या अंतरावर, पिंप त्याच्या खाली, आणि मी मधे उभी. जाऊबाईंनी तुमच्या कानात सांगितलं आणि तुम्ही असं बघितलंत की जणू मी ते ठरवून केलं. मामंजी खिडकीबाहेर बघत बसले, त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, “इथंच कोण्या धर्मशाळेत ठेवून देऊ. येता येता घेऊन जाऊ.” येता येता घेऊन जाऊ! पोतं ठेवावं तसं. परक्या मुलखात, जिथं मला बोली समजत नव्हती. यांनी गाडी कडेला घेतली आणि मागं न वळता म्हणाले, “ठेवा. मीही राहतो संगं. गाडी कोणाले चालवता येते थो चालवन.”

म्हणून मला पुढं बसवलं. ड्रायव्हरच्या भागाला वेगळं दार होतं, मधे लाकडी भिंत होती, म्हणजे देवाला मी दिसत नव्हते. यांच्या आणि माझ्या मधे तुम्ही तांदळाचं पोतं उभं करवलंत, शिवाशिव होऊ नये म्हणून. जेवायच्या वेळी खाली उतरून मी ओंजळ धरायची, तुम्ही वरून पाणी ओतायचं. भाकर पदरात टाकायची, लांबून. एकदा भाकर खाली मातीत पडली. तुम्ही दुसरी दिली नाहीत. मी तीच झाडून खाल्ली, कारण अन्न आहे, आणि कारण तुम्ही बघत होतात.

पण आत्याबाई, एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नव्हती. आपण मालवणाकडून वर रत्नागिरीच्या अंगानं जात होतो. समुद्र डावीकडे होता. आणि माझी जागाही डावीकडे होती, पुढं मोठी काच आणि बाजूला उघडी खिडकी. मागं तुम्हाला वळणांनी उलट्या होत होत्या, आणि दर्याचं वारं नातवाला बाधेल म्हणून तुम्ही सगळ्या खिडक्यांवर ताडपत्री ओढून घेतली होती. ज्या समुद्रासाठी एवढा खटाटोप, तो तुमच्यापैकी कोणाला दिसतच नव्हता. वैनगंगेला पूर आला की पलीकडचा काठ दिसत नाही, पण तो आहे हे ठाऊक असतं. इथं काठच नव्हता. रस्ता खाडी आली की फिरून वर झाडीत जायचा, मी घाबरायची की संपला, आणि एक चढ ओलांडला की पुन्हा तो खाली, उन्हात, पसरलेला. मी म्हणाले, “एवढं पाणी, अन् धानाच्या एका बांधीच्या कामाचं नाही!” हे हसले. “रोवणी करून पाह्य,” म्हणाले, “मीठच पिकन.” पोत्याच्या पलीकडून. चार वर्षांत आम्ही दिवसाउजेडी असं बोललो नव्हतो. तुमच्या घरात सुनेनं नवऱ्याशी मोठ्यांसमोर बोलायचं नसतं, आणि मोठे नेहमीच समोर असतात. त्या चार दिवसांत यांनी मला त्यांच्या शाळेतल्या गोष्टी सांगितल्या, गाणं म्हटलं, एका उतारावर गाडी थांबवून म्हणाले, “घे, पाहून घे मनभर.” मी पाहत होते.

पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की देवाला चालतं, हा आपला नेम. त्या सकाळी आम्ही एका गावाच्या विहिरीवर थांबलो. देऊळ तिथून दोन तासांवर. तुम्ही बादली घेऊन आलात आणि लांबूनच विचारलंत, “न्हायची ना गं आज?” मी म्हणाले, “नाही. अजून आहे.”

देवळाशी पोचल्यावर सगळे नारळ घेऊन उतरले. हे माझ्या दाराशी आले. “उतर ना. पाचवा दिस आहे न आज?” म्हणजे यांनी मोजले होते. मी खाली बघून म्हणाले, “आत्याबाईंले विचारा.” एवढंच. हे तसेच तुमच्यापाशी गेले आणि मामंजी, भाऊजी, रांगेतली परकी माणसं, सगळ्यांसमोर ओरडले, “माय, तिनं देवाचं का बिघडवलं? अजून किती दिस मोजशीन? पोरासाठी पदर पसरू देत नाहीस, अन् पोर नाही म्हणून बोलतेस!” तुम्ही तोंड उघडलंत. हातात नारळ होता. तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं, ‘ती स्वतःच नाही म्हणाली.’ पण आपल्यात आई मुलासमोर त्या गोष्टीचा शब्द काढत नाही, आणि चार पुरुषांत तर नाहीच. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढून आत गेलात. हे गेले नाहीत. बसच्या चाकाशी उभे राहिले.

होळीच्या आधी आमची चूल वेगळी झाली. भांडी उचलताना तुम्ही माझ्याजवळ आलात आणि हळूच म्हणालात, “मन भरलं का गं पाहून?” तेव्हा मला कळलं की तुम्हाला सगळं समजलं होतं. विहिरीवरच समजलं असेल. पाच लेकरांची आई, तुम्हाला काय सांगायचं. मला आदल्या दुपारपासून काही नव्हतं, आत्याबाई. न्हाले असते तर मला मागं स्टोव्हपाशी जावं लागलं असतं. मला ते दोन तास हवे होते.

तिसऱ्या वर्षी मुलगी झाली, न मागता. गणपतीची मी रोज पूजा करते, रोज त्याची क्षमा मागते, आणि त्यानं ती केली असं मला वाटतं. तुमची मागावीशी वाटत नाही. त्या दिवसानंतर हे तुम्हाला ‘माय’ म्हणाले नाहीत, शेवटच्या दिवशीही उंबऱ्यावरच उभे राहिले, आणि तुम्ही खाटेवरून त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होतात. एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला, घरात, जाऊबाईंकडून, कसंही. मी सुटले असते. तुम्ही गप्प राहिलात आणि ते माझ्या गळ्यात अडकवून गेलात. मातीतली भाकर तुम्हीच मला खाऊ घातली होती. माझ्या एका ‘नाही’नं ती पुसली जात नाही. आणि ती सकाळ परत आली तर मी परत तेच म्हणेन.

यांना मी अजून सांगितलेलं नाही. आता त्यांचे गुडघे गेले, दारची पायरी उतरवत नाही, बसमधून उतरणं तर सोडाच. पण अजून कधी वाऱ्याच्या दिवशी दारात बसून म्हणतात, “मायनं तुले देव पाहू नाही देला,” आणि मी भाजी निवडत राहते.

आत्ताच त्यांनी पलीकडच्या खोलीतून विचारलं, “का लिहून राहिली इतकं?”

मी म्हणाले, “उद्याच्या सामानाची यादी.”