संपर्कात आलेल्या व्यक्ती

मावशी, परवा एका म्हातारीच्या मांडीवरून मी कोंबड्यांची टोपली ओढून घेतली. पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात कोंबड्या पटापट मरायला लागल्या, म्हणून आम्ही सरकारी माणसं गेलो होतो, पांढरे पोशाख, मास्क, चष्मे चढवून. ती एसटीच्या थांब्यावर बसली होती, टोपलीवर जुनं लुगडं बांधून. "बाय, या चार चांगल्या हायत गो," ती म्हणाली. "लेकीकडं नेतंय, रोह्याला. हितं ऱ्हायल्या त मरतील." मी म्हटलं, आजी, सोडा. तिने सोडली नाही. तिचं हे बोलणं मी पूर्वी ऐकलं होतं, आईच्या तोंडून.

मी अकरा वर्षांची होते. त्या हिवाळ्यात आमच्या कोंबड्यांना मर लागली आणि आई म्हणाली, मानमोडी आली, कोंबड्यांची नेहमीची साथ. तेव्हा त्यावर सगळ्या गावाचा एकच उपाय, धडधाकट दिसतील त्या कोंबड्या पाहुण्यांकडे नेऊन ठेवायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आईने चार निवडल्या, टोपलीत घातल्या, वर लुगडं बांधलं आणि मला पेणहून रोह्याच्या गाडीत बसवून दिलं. तू ओट्यावर शिलाई मशीनशी बसलेली दिसतेस. "आलीस गो? येवढ्या उन्हाची? पानी पी आधी." मग टोपलीकडे बघून विचारतेस, "बऱ्या हायत ना सगल्या?" मी म्हणते, व्हय. तू त्यांना परसात तुझ्या कोंबड्यांत सोडतेस आणि टेप घेऊन माझं माप काढायला लागतेस. दोन खिशांचा फ्रॉक तू मला कधीचा कबूल केला होतास.

चौथ्या दिवशी तुझ्या कोंबड्या पडायला लागल्या. पडतील त्या तू कापल्यास, सोलल्यास, टाकायच्या कशाला म्हणून. आतडी मांजराने खाल्ली. मी रडले तर डाफरलीस, "कोंबडीसाठी रडतंस? मानसांसाठी ठेव थोडं." मग मांजर मेलं. मग तुला ताप आला. तापातही तू मशीन चालवत होतीस, आणि मधेच थांबून धाप टाकायचीस. तो थांबण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. डॉक्टर म्हणाले, निमोनिया. आठवडाभरात तू गेलीस.

आता दर हिवाळ्यात मी खाडीकाठच्या खाजणात, त्या खाऱ्या दलदलीत, रानबदकांची विष्ठा गोळा करते. पार उत्तरेकडून येतात ती. बर्ड फ्लूचा विषाणू बहुतेकदा त्यांच्या आतड्यात बिनबोभाट राहतो, त्यांचं काही बिघडवत नाही. त्याच्या जनुकांचे आठ तुकडे असतात. दोन वेगळे विषाणू एकाच पाखरात भेटले की तुकड्यांची अदलाबदल होते, लग्नघरात एकाची पळी दुसऱ्याच्या भांड्यांत जाते तशी. बहुतेक वेळा त्यातून काही निपजत नाही. कधीतरी एखादा कोंबड्यांत शिरतो, त्यातून मांजरात, आणि फारच क्वचित माणसात. आमच्या कोंबड्या भात झोडून झालं की त्याच खाजणात बदकांबरोबर दाणे टिपायच्या. मानमोडीने माणूस मरत नाही, फार तर डोळे येतात, एवढं मला माहीत आहे. मग मांजर कशाने गेलं? तुझा ताप साधाही असेल. ती टोपली मी दोन तास मांडीवर घेतली होती, मला साधी सर्दीही झाली नाही. त्या वेळी कुणी नमुना घेतला नाही, त्यामुळे आता कधीच कळायचं नाही. हे मी स्वतःला बजावते, आणि तरी कुठे शिलाई मशीन चालताना मधेच थांबली की ती पुन्हा सुरू होईपर्यंत मी तिथून हलत नाही.

आमच्या अर्जात एक रकाना असतो, 'आजारी पक्ष्यांच्या संपर्कात आलेल्या व्यक्ती'. परवा त्यात म्हातारीचं नाव लिहिताना तिने विचारलं, "माजं नाव कशाला? मी मरनार हाय का?" नाही आजी, म्हटलं, दहा दिवस रोज कुणीतरी येऊन ताप बघेल. तुझ्याकडे कुणी आलं नव्हतं.

घरी येऊन एका कोऱ्या अर्जावर मी तुझं नाव लिहिलं. खाली माझं. हे सगळं त्याच्याच पाठीवर लिहिते आहे. पुढचा रकाना होता, लक्षणं प्रथम कधी दिसली. गाडी नागोठण्याला थांबली तेव्हा, मावशी. लुगडं जरा सैल करून मी आत डोकावले तेव्हा काळी कोंबडी मान आखडून बसली होती, तुरा निळा पडला होता. मी गाठ पुन्हा घट्ट केली. खरं सांगितलं असतं तर तू मला त्याच पावली, टोपलीसकट, परत पाठवलं असतंस.

नमुन्याशिवाय अर्ज प्रयोगशाळा घेत नाही. म्हणून हा कपाटात ठेवते, त्या फ्रॉकखाली. त्याला एकच खिसा आहे, दुसऱ्याची नुसती खडूची खूण. मला दोन हवे होते, म्हणून मी व्हय म्हणाले.