आधी निशाची पदवी, मग उलव्याचा प्लॉट

काल सगळ्यांच्या आधी आली ती वेणूवन्स, माझी नणंद. एका हातात शहाळं, आणि चप्पल काढायच्या आधीच प्रश्न, "वयनी, डॉक्टर काय बोल्ला?" मी म्हटलं, बस, पाणी पी. तर परत तेच, "नाय पण, किती दिवस बोल्ला?" माझ्या लिव्हरमध्ये गाठ आहे हे साऱ्या करंजाड्याला माहीत आहे. पण दिवस मोजायला नणंद एवढ्या उन्हात येईल असं वाटलं नव्हतं.

तिच्यामागून माझा मुलगा कमळाकर आला. त्याच्याबरोबर जासईचे दोघं नवरा-बायको, आणि त्यांचा पोरगा प्रणित. त्यांचे ट्रेलर आहेत, कंटेनरच्या यार्डात चालतात. आजीबाईंना बघायला आलो म्हणाले. मला कोणी बघितलं नाही. माझी नात निशा चहा घेऊन आली, तिला बघितलं. मग सगळे ओटीवर जाऊन बसले. माझी खाट खिडकीशी आहे आणि कान अजून शाबूत आहेत.

वेणूवन्स म्हणाली, "आता म्हातारीचं काय खरं नाय. ती गेली का वर्साच्या आत पोरीचं उरकायला लागंल, नायतर तीन वर्सं थांबा."

कमळाकर म्हणाला, "शिकंल ना लग्न झाल्यावर. कोण नको बोलतंय?"

जासईची बाई म्हणाली, "शिकू दे हो, पण वेड्यांमध्ये बसायचं काम आमच्या घरात चालणार नाय."

म्हणून आज हा कागद. मी चांगुणाबाई काशिराम घरत, वय पंच्याहत्तरच्या आसपास (जन्माची नोंद नाही), शिक्षण दुसरी आणि ती पण अर्धी, राहणार करंजाडे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी धमकावलेलं नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. वकीलबाई कादंबरी देव समोर बसल्या आहेत. कायद्याची वाक्यं त्यांनी सांगितली, मधली बडबड माझी. त्या म्हणाल्या, "आजी, शहाळ्याचं मृत्युपत्रात लिहायची गरज नाही." मी म्हटलं, बाई, गरज आहे. पुढे कोणी म्हणेल म्हातारीला कळत नव्हतं. शहाळं कोणी आणलं हे जिला आठवतं तिला कळतं.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम पहिले. निशाबद्दल.

निशा आनंदा कडू ही माझी मुलगी आभा हिची मुलगी. आभा हयात नाही. बापाने दुसरा संसार केला, त्याच्याबद्दल मला लिहायचं नाही. निशाला मी वाढवली. ही पोर माझ्या डोळ्यांचा दिवा आहे, हे कायद्यात बसो न बसो.

ती काय शिकते हे इथे नीट लिहून ठेवते, कारण घरात कोणालाच ते धड सांगता येत नाही. तिचं शिक्षण म्हणजे मनाच्या दुखण्याचं समुपदेशन, एम.ए. त्यासाठी आधी मानसशास्त्राची बी.ए. लागते, ती केली. मग प्रवेश परीक्षा, ती दिली. शिकवणाऱ्या दोन बाईंची शिफारसपत्रं लागतात, ती मिळाली. मग मुलाखत. पुढे दोन वर्षं अभ्यास. नुसतं पुस्तक वाचून होत नाही. एका केंद्रात जाऊन खऱ्या माणसांसमोर बसायचं, शेकड्यांनी तास, आणि प्रत्येक बैठकीचं वरच्या बाईंना सांगायचं, कुठे चुकलं ते ऐकून घ्यायचं. त्या बाईंना सुपरवायझर म्हणतात. शिवाय तिने स्वतः पण दुसऱ्या समुपदेशकाकडे जाऊन बसायचं, आपल्या मनातलं बोलायचं. मी विचारलं, तुला काय झालंय? तर म्हणाली, "आजी, दुसऱ्याचं ऐकायचं तर आपलं आधी कोणी ऐकलेलं पाहिजे. अटच आहे तशी." शेवटी एक प्रबंध लिहायचा. तेव्हा पदवी. आत्ता कुठे पहिलं वर्ष चालू आहे.

प्रवेश मिळाला तेव्हा मी सगळ्या आळीत पेढे वाटले आणि सांगितलं, माझी नात मनाची डॉक्टरीण होणार. निशा मागून ओरडत होती, "डॉक्टर नाही गं आजी!" मला काय त्याचं. मी आणखी एक डबा वाटला.

एक गंमत लिहून ठेवते. केंद्रात तास भरायला माणसं लागतात असं कळल्यावर दिवाळीच्या आधी मी गावातल्या बायका गोळा केल्या. मी धवलारीण. आमच्यात लग्न लावताना धवले गाते ती. घराघरांत माझा शब्द चालतो. ओटी बायकांनी भरून गेली. चहा ठेवला, निशाला हाक मारली, म्हटलं, घे, लाग कामाला.

निशा दारातच उभी राहिली. "आजी, ह्या सगळ्या माझ्या मावश्या, माम्या आणि आज्या आहेत. नात्यातलं माणूस घ्यायला मनाई आहे. एकही तास धरणार नाहीत."

मी म्हटलं, "मंग कोणाला बोलवू? ह्या गावात आपल्या नात्यात नाय असा एक पोस्टमन हाय."

बायका हसून लोळल्या. चहा पिऊन उठून गेल्या. एक उठली नाही. कीर्ती, माझ्याकडे धवले शिकते ती. पदर तोंडाशी धरून तशीच बसली. निशाने तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः तिच्याबरोबर केंद्रात गेली, बरोबर शिकणाऱ्या दुसऱ्या मुलीसमोर तिला बसवलं आणि आपण बाहेर बाकावर थांबली. आत काय झालं ते निशाला माहीत नाही. मला तर नाहीच. कीर्ती तेव्हापासून दर आठवड्याला जाते. ही गोष्ट कीर्तीला विचारून लिहिली आहे. ती म्हणाली, "लिवा काकी, कोणाला तरी कळंल, असं जाता येतं."

कलम दुसरे. वर्षाच्या आत.

हे लिहायला जड आहे. वकीलबाई म्हणाल्या, थोडं थांबा, पाणी घ्या. घेतलं.

घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आपली रीत. अशी लग्नं मी किती लावली. मांडवात एका कोपऱ्यात गेलेल्या माणसाचा फोटो, हार ताजा, आणि नवरी रडते ती नक्की कशासाठी हे कोणी विचारत नाही. घाईत मुलाकडचं घर कोणी बघत नाही.

आमचे हे गेले तेव्हा आभाचं असंच झालं. स्थळ वेणूवन्सनी आणलं. आभा म्हणत होती थांबा. तिच्या हळदीचे धवले मीच गायले. निशा कडेवर होती तेव्हा आभा परत आली ती कायमची, हळदीच्याच पिवळ्या साडीत. पाठीवर काय होतं ते मी न्हाऊ घालताना पाहिलं. त्यानंतर ती ओटीवर बसून राहायची. बोलायची नाही. बायका यायच्या, विचारायच्या, आणि तिने तोंड उघडायच्या आधीच सांगायच्या, सोसून घे, पोरीकडे बघ. एका दुपारी ती खाडीवर गेली. बांधावर चपला मिळाल्या, व्यवस्थित, जोडीने ठेवलेल्या. कमळाकरने सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. आजही तेच सांगतो. पाय घसरणारा माणूस चपला काढून ठेवत नाही. या कागदात मी खरं ते लिहीत आहे, म्हणजे माझ्यामागे ते कोणाला पुसता येणार नाही.

निशाला मी हे सांगितलं होतं. मुलाखतीत तिला विचारलं, हेच का शिकायचंय? ती म्हणाली, "माझ्या आईला सगळ्यांनी विचारलं. पण विचारणाऱ्या प्रत्येकाकडे उत्तर आधीच तयार होतं." घरी येऊन तिने मला हे सांगितलं तेव्हा मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम.

कलम तिसरे. उलव्याचा प्लॉट.

माझ्या वडिलांना मी एकुलती. उलव्यातली त्यांची जमीन सरकारात गेली, त्याबदली साडेबारा टक्के योजनेतला प्लॉट माझ्या एकटीच्या नावे मिळाला. कमळाकरचा त्याच्यावर डोळा आहे, मितेशशेठ बिल्डरशी त्याचं बोलणंही झालं आहे. मी त्याला तोडत नाही. मुलगाच आहे, मला दवाखान्यात तोच नेतो.

मला लिहायचं होतं की निशाचं लग्न वर्षाच्या आत करू नये. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, लग्नावर बंदी घालणारी अट कोर्टात टिकणार नाही." मग आम्ही दोघींनी डोकं लावलं. म्हणून असं लिहिते:

उलव्याचा प्लॉट कमळाकर काशिराम घरत याला मिळावा, पण निशाचं पदवीचं प्रमाणपत्र तिच्या हातात पडेल त्या दिवशी. तोपर्यंत प्लॉट वकीलबाईंच्या देखरेखीत राहील. तो विकता येणार नाही, बिल्डरला देता येणार नाही. निशाने मधेच शिक्षण सोडलं तर प्लॉट कमळाकरला न मिळता कीर्ती जाते त्या केंद्राला जावा. मात्र निशाला स्वतःलाच सोडायचं असेल, तर तिने वकीलबाईंसमोर एकटीने, दार लावून, तसं सांगावं. दाराबाहेर मामा-मामी नकोत. मग प्लॉट कमळाकरलाच मिळेल आणि तिला कोणी बोल लावू नये.

वकीलबाई हे वाचून हसल्या. म्हणाल्या, आता मामाच परीक्षेच्या दिवशी रिक्षा घेऊन उभा राहील. राहू दे. प्लॉटसाठी का होईना, उभा राहील.

कलम चौथे. घर.

करंजाड्याचं घर आमच्या यांनी जिवंतपणी बक्षीसपत्राने माझ्या नावे केलं. आतल्या खोल्या आणि माडी कमळाकरला. ओटी आणि तिला लागून असलेली, रस्त्याकडे दार असलेली खोली निशाला. त्या खोलीत तिने स्वतः आमच्या गावाचं ऐकायचं नाही, तिचा नियम मोडेल. पण बरोबर शिकणारी एखादी मैत्रीण आणून बसवावी, नात्यात नसलेली. आणि हिने त्या मैत्रिणीच्या गावात जाऊन बसावं. त्या दाराला आतून कडी आहे. ती चांगली चालते, पण तेल घालत जा.

कलम पाचवे. बारीकसारीक.

धवल्याचं तबक, समई आणि माझं हिरवं नऊवारी कीर्तीला. धवले तिला येतातच.

पेटीत तळाशी आभाची ती पिवळी साडी आहे. ती वेणूवन्स यांना. नेसायला नव्हे. कपाटात ठेवावी, आणि पुढच्या वेळी कोणाकडे स्थळ घेऊन जायच्या आधी एकदा उघडून बघावी.

माझं दिवसकार्य दहाव्याला आटपावं. निशाची परीक्षा चालू असेल तर तिला थांबवून धरू नये. परीक्षा देऊन आली तरी मी काही रागवणार नाही.

शेवटचं. परवा रात्रभर पोट दुखत होतं. सकाळी निशाला म्हटलं, माझ्या मनात पण बरंच आहे गो, माझं तू ऐक. तिचे डोळे भरले. म्हणाली, "आजी, मी तुझी समुपदेशक नाही होऊ शकत. पण नात आहे ना. नातीच्या कानाने ऐकते." आणि माझे पाय मांडीवर घेऊन बसली. मी बोलले, दुपारपर्यंत. मधे एकदाही तिने सोसून घे म्हटलं नाही. म्हणून मला आज भीती वाटत नाही.

वरील सर्व मी लिहिलं, मोठ्याने वाचलं, पटलं, म्हणून प्रत्येक पानावर सही केली. अंगठा नाही. सही.

चांगुणाबाई काशिराम घरत

मृत्युपत्राची व्यवस्था पाहणार: अ‍ॅड. कादंबरी देव, पनवेल.

आम्ही दोघांनी बाईंना आमच्यासमोर सही करताना पाहिलं. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: डॉ. इंद्रजीत सावे, उपचार करणारे डॉक्टर
साक्षीदार २: आशालता बर्वे, निवृत्त शिक्षिका, समोरच्या इमारतीत राहणाऱ्या

ठिकाण: करंजाडे, पनवेल
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

ता. क. जासईचे पाहुणे शनिवारी परत येतो म्हणून गेले आहेत, पक्कं करायला. त्यांना चहा द्यावा आणि कलम तिसरे वाचून दाखवावे. शनिवारी निशा घरी नसते, तिची सुपरवायझर बाईंकडे बैठक असते.